घरामागच्या गॅरेजच्या जागी बहिणीसाठी स्वतंत्र खोली-स्वयंपाकघर बांधता येईल का?

पार्लेकर (प्रश्न)

नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला आमचे तळमजला अधिक एक मजला असे घर आहे. वडिलांनी ते १९६८ मध्ये रीतसर नकाशा मंजूर करून बांधले. भूखंड जुन्या मापाने ४०० चौरस वारांचा, म्हणजे सुमारे ३३४ चौरस मीटर आहे. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले. आता खाली आई राहते आणि वर आम्ही दोघे. घरामागे कुंपणाच्या भिंतीला टेकून एक गॅरेज आहे, पण १९९६ नंतर त्यात मोटार उभी राहिलेली नाही. सध्या तिथे पाट, दोन पिंपे, वडिलांची सायकल आणि वर्षातून एकदाच बाहेर निघणारे गणपतीच्या मखराचे सामान आहे. घर आणि गॅरेज यांच्या मध्ये फणसाचे झाड आहे.

माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी नागपूरहून निवृत्त होऊन मुंबईला परत येत आहे. ती एकटीच आहे. आईचे वय ८२, त्यामुळे बहिणीने याच आवारात राहावे असे आम्हा सर्वांना वाटते. तिची अट एकच आहे: स्वयंपाकघर तिचे स्वतःचे हवे. शेजारी राहून चूल वेगळी असली, तरच आपले पटेल, असे ती हसत हसत सांगते आणि माझ्या पत्नीलाही ते मनापासून मान्य आहे. म्हणून गॅरेजच्या जागी एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळून साधारण ४५० चौरस फुटांचे बैठे बांधकाम करावे, असा विचार आहे.

याबाबत मला चार ठिकाणांहून चार सल्ले मिळाले आहेत. एका ठेकेदाराचे म्हणणे असे की, गॅरेज उभे आहेच, तेव्हा आतून ओटा आणि मोरी करून घ्यावी, ती दुरुस्ती ठरते आणि दुरुस्तीला परवानगी लागत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशात म्हटले आहे की, राज्य सरकारने नियम बदलले असून १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला आता परवानगीच नको. शेजारचे काका म्हणतात की, पार्ल्यात कोणाकडेही एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते माप) शिल्लक नाही, तेव्हा नाद सोडावा. अमेरिकेतल्या भाच्याच्या मते तिथे मागच्या अंगणात दुसरे छोटे घर बांधणे हा आता घरमालकाचा हक्कच झाला आहे आणि मुंबईतही तसा नियम आला असणार.

टेप लावून घेतलेली मापे देतो. भूखंडाची रुंदी १४ मीटर आणि खोली २३.९ मीटर आहे. घर ९ मीटर रुंद आणि ११.७ मीटर खोल असून समोर ४.५, मागे ७.७ आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर जागा मोकळी आहे. दोन्ही मजल्यांचे बांधकाम मिळून सुमारे २०० चौरस मीटर भरते. समोरचा रस्ता ६ मीटरचा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की, आजच्या नियमांत हे बसते का, आणि बसत नसेल तर नेमके कुठे अडते.

जुना नकाशाकार

आपण मापे दिलीत हे फार बरे केलेत. या विषयावरचे बहुतेक प्रश्न मापांशिवाय येतात आणि मग उत्तरेही हवेतलीच मिळतात. मी उपनगरांतल्या लहान घरांचे नकाशे काढून सादर करण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

व्हॉट्सॲपच्या संदेशाचा उगम खरा आहे, पण पत्ता चुकला आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरांसाठी नेहमीच्या परवानगीऐवजी नकाशे सादर करून शुल्क भरल्याची पावती पुरते, अशी सोय आहे. मात्र ती नियमावली बृहन्मुंबईला लागू नाही. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात शिरलात की नियमांचे पुस्तक बदलते. शिवाय आपला भूखंड १५० चौरस मीटरच्या दुपटीहून मोठा आहे. ती सोय जिथे लागू आहे, तिथेही मोकळी जागा, उंची आणि चटईक्षेत्राचे नियम पाळावेच लागतात, हा भाग मात्र संदेश पुढे ढकलताना कुणीतरी गाळून टाकतो.

मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ चालते. ती मे २०१८ मध्ये मंजूर झाली आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अंमलात आली. त्याआधी १९९१ ची नियमावली होती आणि तिच्याआधी १९६७ ची, जिच्याखाली आपल्या वडिलांचा नकाशा मंजूर झाला असणार. जुने मंजूर घर जसे आहे तसे कायदेशीरच राहते, परंतु आज त्याला एक वीट जरी जोडायची म्हटली, तरी ती वीट आजच्या नियमांवर तपासली जाते.

आता एफएसआय. उपनगरांत मूळ निर्देशांक १ आहे, म्हणजे आपल्या भूखंडावर ३३४ चौरस मीटर बांधकाम मूळ हक्कात बसते. त्यातले २०० वापरलेले आहे, म्हणून १३४ शिल्लक आहे. आपल्याला हवे आहे ४५० चौरस फूट, म्हणजे जेमतेम ४२ चौरस मीटर. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असल्यामुळे अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणारा जादा एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, आपल्याला मिळणार नाही, पण त्याची इथे गरजही नाही. निवासी बांधकामाला ३५ टक्क्यांपर्यंत मिळणारे फंजिबल, म्हणजे भरपाई म्हणून दिले जाणारे जादा, चटईक्षेत्रही हात न लावता तसेच राहील. थोडक्यात, शेजारच्या काकांचे म्हणणे पार्ल्यातल्या पाडून नव्याने बांधलेल्या इमारतींना लागू असेल, आपल्या घराला नाही. एक सावधगिरी मात्र सांगतो. जानेवारी २०१२ मध्ये फंजिबलची पद्धत आली, तेव्हा सज्जे, फ्लॉवर बेड वगैरे पूर्वी मोजणीतून सुटणाऱ्या अनेक गोष्टी चटईक्षेत्रात धरल्या जाऊ लागल्या. म्हणून आपले २०० चौरस मीटर आजच्या पद्धतीने कुणाकडून तरी पुन्हा मोजून घ्या.

गाडी अडते ती मागच्या अंगणात. मुंबईच्या नियमांत एका भूखंडावर एकच घर असावे असा दंडक नाही, त्यामुळे दुसरी छोटी इमारत बांधायला तत्त्वतः हरकत नाही. परंतु प्रत्येक इमारतीला स्वतःभोवती मोकळी जागा लागते, जिला आम्ही सगळे सरसकट मार्जिन म्हणतो. उजेड आणि वारा घेणाऱ्या बाजूला उपनगरांत साधारणपणे किमान ३.६ मीटर धरतात. एकाच भूखंडावर दोन इमारती असतील तर त्या दोघींमध्येही तशीच जागा सोडावी लागते. आता आपल्या ७.७ मीटरमधून कुंपणाकडचे ३.६ आणि घराकडचे ३.६ वजा करा. अर्धा मीटर उरतो. त्यात आपल्या बहिणीचे घर नाही, फार तर तुळशीवृंदावन बसेल.

मग गॅरेज तिथे कसे उभे आहे, असे आपण विचाराल. ठरावीक आकाराचे, कमी उंचीचे गॅरेज मोकळ्या जागेत चालत असे, कारण त्यात कोणी राहायचे नसते. नियमावलीत अनुषंगिक इमारत अशी व्याख्याच आहे: मुख्य इमारतीपासून वेगळी असलेली, नोकरांची खोली, गॅरेज, कोठार अशा पूरक वापराची इमारत. याउलट स्वतंत्र गाळा म्हणजे काय, तर ज्याला स्वयंपाकघर किंवा स्वयंपाकाचा कोनाडा आहे असे स्वतंत्र राहण्याचे ठिकाण. आपल्या भगिनींनी घातलेली अट आणि नियमावलीची व्याख्या अशी अगदी एकाच ठिकाणी येऊन भेटते. गॅरेजमध्ये ओटा घातला की त्या क्षणी ते गॅरेज राहत नाही. मोकळ्या जागेत असण्याची त्याची सवलत जाते आणि क्षेत्रफळही एफएसआयमध्ये धरले जाते. ठेकेदार ज्याला दुरुस्ती म्हणतो, त्यात गिलावा, रंग, फरशी बदलणे, गळके छप्पर नीट करणे अशी कामे येतात. वापर बदलणे त्यात येत नाही.

तरीही मार्ग आहे, असे मला वाटते. वेगळी इमारत न करता घराचीच मागची भिंत पुढे सरकवा. कुंपणाकडे ३.६ मीटर सोडून आपल्याला ४.१ मीटर खोली मिळते. ९ मीटर रुंदीने गुणल्यास ते ३६.९ चौरस मीटर, म्हणजे भिंतींसह सुमारे ३९७ चौरस फूट होतात. त्याला बाजूने स्वतंत्र दार ठेवा. राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर आणि तिची लहान बाजू २.४ मीटर, स्वयंपाकघर किमान ५.५ चौरस मीटर, उंची २.७५ मीटर या अटी त्यात आरामात बसतात. अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, बाजूचे अडीच मीटर आजच्या मोजणीत कमी भरतात. अरुंद भूखंडांसाठी सवलती आहेत आणि उणीव अधिमूल्य भरून माफ करण्याची तरतूदही आहे, पण मी असतो तर विस्तार दोन्ही बाजूंनी थोडा आत घेतला असता. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे आणि ती कागदावर चटकन दिसत नाही. आज मागच्या भिंतीला ज्या खोल्यांच्या खिडक्या आहेत, त्या खोल्या विस्तारानंतर अंधाऱ्या होतील. तिथे आईंची झोपायची खोली असेल तर आधी तिचा विचार करा. मागच्या भिंतीची एक बाजू मोकळी ठेवून इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा विस्तार केला, तर क्षेत्र घटेल पण खिडकी वाचेल.

वर दुसरा मजला चढवण्याचा विचार मात्र करू नका. १९६८ चे घर बहुधा भिंतींवर भार घेणारे असेल, आणि निवृत्त व्यक्तीला दोन जिने चढायला लावण्यात काय हशील? तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी कायद्यानेच करावी लागते, तेव्हा खाली विस्तार करतानाही ती करून घ्या.

फणसाचे झाड तोडायचे असो की त्याची फांदी छाटायची असो, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खोड नेमके कुठे आहे ते आपण लिहिलेले नाही. ते विस्ताराच्या बाहेर राहत असेल तर उत्तम.

कागदपत्रांचा क्रम असा: मिळकत पत्रिका, विकास आराखड्याचा अभिप्राय म्हणजे डीपी रिमार्क, जुना मंजूर नकाशा, परवानाधारक सर्व्हेअर किंवा आर्किटेक्टमार्फत इमारत प्रस्ताव विभागात ऑनलाइन सादरीकरण, मग आयओडी म्हणजे अटींसह मिळणारे पहिले संमतीपत्र, काम सुरू करण्याचे सीसी आणि शेवटी भोगवट्याचे ओसी. आयओडीचे पूर्ण नाव चक्क नामंजुरीची सूचना असे आहे, आणि तरी ते हातात पडले की लोक पेढे वाटतात, ही मुंबईचीच रीत. डीपी रिमार्कमध्ये रस्तारेषा आपल्या अंगणातून जात नाही ना, ते सर्वांत आधी पाहा. भूखंड एखाद्या संस्थेकडून भाडेपट्ट्याने मिळालेला असेल तर संस्थेचे ना-हरकत पत्रही लागेल, आणि पार्ले विमानतळालगत असल्यामुळे उंचीची मर्यादा नकाशावर तपासली जाईल, जी बैठ्या विस्ताराला सहसा आड येत नाही.

मुलुंडची वाचक

वरचे उत्तर इतके सविस्तर आहे की नियमांबद्दल मी भर घालणार नाही. ठेकेदाराच्या सल्ल्याबद्दल मात्र लिहिणे भाग आहे, कारण तोच सल्ला आम्ही ऐकला होता.

आमच्या बैठ्या घराच्या बाजूला पत्र्याची पडवी होती. सासूबाईंना जिना चढवेना, म्हणून ठेकेदाराच्या शब्दावर विसंबून आम्ही तिथे दुरुस्तीच्या नावाखाली विटांच्या भिंती उभ्या केल्या आणि खोली-संडास केला. स्लॅबची सळई बांधून झाली आणि दुसऱ्याच दिवशी काम थांबवण्याची नोटीस दारावर चिकटली. महापालिका अधिनियमातले कलम ३५४अ म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. ठेकेदाराने फोन घेणे बंद केले. त्याला दिलेली आगाऊ रक्कम गेली, पाडकामाचा खर्च आमच्याच अंगावर आला, आणि ती उघडी सळई दोन पावसाळे गंजत अंगणात उभी होती. सासूबाई रोज सकाळी देवपूजा करून त्या सळयांकडे बघत बसायच्या. त्या काहीच बोलायच्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागायचे.

त्या काळात ऐकलेला आणखी एक सल्ला आपल्यालाही कोणीतरी देईल, म्हणून सांगते. बांधून टाका, मालमत्ता कराचे बिल त्यावर लावून घ्या, म्हणजे ते नियमित होते, असे छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. ते खरे नाही. अनधिकृत बांधकामावरही कर लागतो. महापालिका अधिनियमाच्या कलम १५२अ प्रमाणे कराच्या दुप्पट दंडही लागू शकतो, आणि तो भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. बांधल्यावर नियमित करून घेण्याचा अर्ज नगररचना कायद्यात आहे, पण जे मुळात नियमांत बसत नाही ते अर्जानेही बसत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती लिहू की नको असा मी बराच विचार केला. आपण सगळीकडे बहिणीसाठी बांधतो आहोत असे लिहिले आहे. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले. घर त्यांनी स्वकष्टाने बांधलेले असेल आणि मृत्युपत्र केलेले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आपली आई, आपण आणि आपली बहीण तिघेही सारख्याच हिश्शाचे मालक आहात. ती तुमच्या आवारात राहायला येत नाही, तिच्याच आवारात परत येते आहे. हे मी टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. याचा व्यवहारातला परिणाम असा की, मिळकत पत्रिकेवर अजून वडिलांचेच नाव असेल तर आधी नगर भूमापन कार्यालयात वारसांची नोंद करून घ्यावी लागेल, आणि प्रस्तावावर तिघांच्याही सह्या लागतील. आमच्याकडे नंतर रीतसर प्रस्ताव करताना सर्वांत जास्त वेळ याच नोंदीत गेला, कारण पत्रिकेवर दोन पिढ्यांपूर्वीच्या चुलत सासऱ्यांचे नाव निघाले.

सॅन होजेहून

मूळचा दादरचा, गेली बावीस वर्षे कॅलिफोर्नियात. आपल्या भाच्याने सांगितलेले इथल्यापुरते बरोबर आहे, म्हणून ते नेमके काय आहे ते लिहितो.

मागच्या अंगणातल्या दुसऱ्या घराला परवानगी देणारा राज्याचा कायदा इथे १९८२ पासून होता. पण प्रत्येक शहर त्यावर आपल्या अटी लादत असे: किमान भूखंड इतका हवा, दोन जादा मोटारींची जागा दाखवा, सुनावणीत शेजाऱ्यांची हरकत नको. परिणामी कागदावर परवानगी असूनही फारशी घरे बांधली जात नव्हती. २०१७ पासून राज्याने शहरांचे हात एकेक करून बांधायला सुरुवात केली. त्यातले मोठे बदल १ जानेवारी २०२० पासून लागू झाले. नियमांत बसणाऱ्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत द्यावा लागतो आणि सुनावणी होत नाही. शहराचे इतर नियम काहीही म्हणोत, ८०० चौरस फुटांपर्यंतचे घर बाजूने आणि मागून चार-चार फूट सोडून बांधू द्यावेच लागते. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान घरावर पायाभूत सुविधांचे शुल्क नाही. आणि आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे म्हणजे, गॅरेजचे घर केले तर त्याच जागेवर, त्याच भिंतींत ते करता येते आणि गेलेल्या पार्किंगची भरपाई मागता येत नाही.

आणखी एक लहान प्रकार आहे. मुख्य घराच्या आतच ५०० चौरस फुटांपर्यंतचा भाग वेगळा काढायचा, त्याला बाहेरून दार द्यायचे आणि आत एक छोटासा ओटा करायचा. न्हाणीघर मुख्य घराशी सामाईक असले तरी चालते. चूल वेगळी असण्याला इथल्या कायद्यानेही इतके महत्त्व दिले आहे, हे वरची व्याख्या वाचताना मला गमतीचे वाटले.

असे दुसरे घर मुख्य घरापासून तोडून विकता येत नसे. २०२३ च्या एका कायद्याने शहरांना तशी मुभा देण्याचा पर्याय मिळाला, आणि आमच्या शहराने २०२४ मध्ये तो स्वीकारला.

मी स्वतः गॅरेजचे घर केले ते आईसाठी. परवानगी वेळेत मिळाली, पण सांडपाण्याची नळी अंगणातून रस्त्यापर्यंत नेताना काँक्रीटचा सगळा रस्ता खणावा लागला, आणि त्याचा अंदाज कुणीच दिला नव्हता. तुमच्याकडेही मैल्याची वाहिनी कोणत्या बाजूने जाते ते आताच पाहून ठेवा. घरामागे ओटा आणि न्हाणीघर आले की पाण्याला उतार लागतोच.

भाच्याला मात्र एक गोष्ट सांगा. इथल्या बहुतेक निवासी भागांत एका भूखंडावर एकच घर असा नियम होता, आणि नवे कायदे तो मोडण्यासाठी आले. वर नकाशाकारांनी लिहिलेच आहे की मुंबईत तसा नियम नाही. त्यामुळे इथला कायदा जसाच्या तसा तिथे नेला, तर तो नसलेले कुलूप उघडायला जाईल. मला कुतूहल एवढेच आहे की, एखाद्या कुटुंबाला बैठा गाळा हवा असेल, तर त्याच्यासाठी ३.६ मीटरऐवजी कमी मार्जिनचा पर्याय मुंबईने का देऊ नये?

पार्लेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी आईच्या लोखंडी पेटीतून १९६८ चा मंजूर नकाशा सापडला. निळा कागद घड्यांवर फाटला आहे, पण शिक्का आणि तारीख वाचता येते. त्यावर गॅरेज दाखवलेले आहे, मात्र २.५ बाय ५.५ मीटरचे. प्रत्यक्षात मोजले तर ते ३ बाय ७.३ मीटर भरते. आईला विचारल्यावर ती म्हणाली की, १९७९ मध्ये माझ्या मुंजीच्या वेळी मांडवाचे सामान ठेवायला वडिलांनी भिंत मागे घेतली होती. म्हणजे अनधिकृत बांधकाम आमच्याकडे आधीच आहे आणि त्याचे निमित्त मीच आहे.

फणसाचे खोड घराच्या मागच्या भिंतीपासून ४.६ मीटरवर आहे. मागच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत, त्यांतली एक आईच्या खोलीची. मिळकत पत्रिका ऑनलाइन काढली, तिच्यावर वडिलांचेच नाव आहे आणि मृत्युपत्र नाही. मुलुंडच्या ताईंचे म्हणणे मी बहिणीला फोनवर वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, सह्या करायला मी पुढच्याच महिन्यात येते.

आता एक शंका. वाढवलेल्या गॅरेजमुळे नवा प्रस्ताव अडेल का? ते आधीच गुपचूप पाडून टाकावे का?

जुना नकाशाकार

गुपचूप काही करू नका, त्याची गरजही नाही. नव्या नकाशात जे प्रत्यक्ष जागेवर आहे ते सगळे खरेखुरे दाखवायचे असते. प्रस्तावित काम लाल रंगाने भरतात आणि पाडायचा भाग पिवळ्या तिरप्या रेषांनी दाखवतात. मागचे ३.६ मीटर मोकळे ठेवायचे असल्यामुळे गॅरेज एरवीही जाणारच आहे, तेव्हा अख्खे गॅरेज, वाढवलेल्या भागासह, पिवळ्या रेषांत दाखवा. मोटारीची जागा समोरच्या किंवा बाजूच्या अंगणात दाखवता येते का, तेवढे आपल्या आर्किटेक्टकडून पाहून घ्या.

फणस ४.६ मीटरवर आणि विस्तार ४.१ मीटरपर्यंत, म्हणजे खोड अर्ध्या मीटरने सुटते, पण पाया खणताना मुळे तुटतील. म्हणून झाडाच्या बाजूला विस्तार ३ मीटरच ठेवा आणि आईंच्या खिडकीसमोरची जागा पूर्ण सोडा. मी कच्चे रेखाटन करून पाहिले, खिडकीपुरती ३ मीटर रुंदी वगळली तर ६ मीटर रुंदी उरते. त्यातली निम्मी ४.१ मीटर आणि निम्मी ३ मीटर खोल धरली, तर २१ चौरस मीटरच्या आसपास मिळतात. हवे होते त्याच्या निम्मेच. एक माणूस, एक खोली, ओटा, न्हाणीघर एवढे त्यात बसते, पण दाटीवाटीने. भगिनी सह्यांसाठी येतील तेव्हा जमिनीवर चुन्याने हे माप आखून त्यांना आत उभे करा आणि त्यांनाच ठरवू द्या.

सॅन होजेच्या मित्रांच्या प्रश्नाबद्दल. मार्जिन केवळ उजेडासाठी नसते. मागच्या गल्लीत गटार, पाण्याची टाकी, आगीच्या वेळी शिडी लावायची जागा, सगळे त्यातच येते, आणि दोन्ही शेजाऱ्यांनी चार-चार फूट सोडले तर मधे जी फट उरते ती आपण मुंबईत पुष्कळ पाहिली आहे. तरी बैठ्या बांधकामाला आणि उंच इमारतीला किमान मार्जिनचा एकच आकडा लावणे मलाही पटत नाही. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नियमावलीत फेरबदल होतात, तेव्हा सूचना-हरकतींसाठी महिन्याची मुदत असते. तशी जाहिरात निघाली की मी या धाग्यावर कळवीन, सूचनेचा मसुदा इथेच करू.

पार्लेकर, वारसनोंदीचा अर्ज या आठवड्यातच करा. बाकीचे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे आहे.